स्कोर किती आला?

फेब्रुवारी २०२१. पुणे–बंगळूर महामार्गावर कोगनोळीच्या नाक्याशी गाड्यांची रांग लागली होती आणि जो तो खिडकीतून हात बाहेर काढून एक कागद दाखवत होता. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायचं तर बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट हवा, असा हुकूम निघाला होता. दूधगंगेच्या एका अंगाला कागल, दुसऱ्या अंगाला कोगनोळी. शेत एका राज्यात, बाजार दुसऱ्या राज्यात, लेक दिलेली अलीकडे आणि दवाखाना पलीकडे, अशी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घडी बसलेली, त्यांच्यासाठी ही नवीच भानगड होती. ऑगस्टात तोच नियम पुन्हा आला. लस घेतली असली तरी रिपोर्ट हवाच.

त्या कागदात एकाच प्रश्नाचं उत्तर असे: या माणसाच्या नाका-घशात करोनाचा विषाणू सापडला की नाही. ज्या घरात रिपोर्ट पॉझिटिव्ह यायचा, तिथला प्रश्न मात्र त्याच्या पुढचा होता. आण्णांचं आता काय होणार? घरीच बरे होतील, की रात्रीतनं कोल्हापूर गाठावं लागेल? आजार कुठल्या वळणाला जाईल याचं भाकीत हा एरवी विद्यापीठांतला विषय. तो त्या दोन वर्षांत थेट चुलीपर्यंत आला आणि तिथे त्याला नावही मिळालं.

"सीटी काढली काय? स्कोर किती आला?"

फुप्फुसाचे पाच खंड, उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन. प्रत्येकाला पाचपैकी गुण, एकूण पंचवीस. जितका भाग बाधित तितके गुण जास्त. इतका साधा हिशेब. पण सीमाभागातल्या, किंबहुना अख्ख्या महाराष्ट्रातल्या, माणसांनी त्याची दहावीच्या टक्क्यांसारखी चर्चा केली. सात आला म्हणजे सुटलो, पंधरा आला म्हणजे बेड शोधा. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन ही रक्ततपासण्यांची नावं बँकेच्या खातेक्रमांकासारखी पाठ झाली. मागणी इतकी वाढली की महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सीटीचे दर बांधून दिले, यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपये. मे २०२१ मध्ये 'एम्स'चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावं लागलं की सौम्य आजारात सीटी काढून काही साधत नाही. एका सीटीचं प्रारण तीनशे-चारशे एक्स-रेइतकं असतं, असंही ते म्हणाले. त्यावर क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने हा हिशेब जुन्या यंत्रांचा आहे म्हणून आक्षेप घेतला. वाद चालू राहिला, आणि सीटी सेंटरांपुढची गर्दीही.

लोकांचं चुकत होतं असं म्हणवत नाही. पुढे काय वाढून ठेवलंय हे कळावं ही माणसाची जुनी गरज, आणि हातात मिळालेला आकडा तेवढाच होता. त्याच काळात जगभरच्या संशोधकांनी संगणकाला कामाला लावलं होतं. रुग्णाचं वय, रक्ताचे रिपोर्ट, ऑक्सिजन, जुने आजार हे सगळं यंत्राला द्यायचं आणि कोण वाचेल, कोण अत्यवस्थ होईल, हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं. याला मशीन लर्निंग म्हणतात.

याच सीमाभागातल्या निपाणीच्या माणसाला ते समजावून सांगायला तंबाखूइतकं चांगलं उदाहरण नाही. इथला जुना व्यापारी बोदात हात घालतो, पान चुरगाळतो, नाकाशी नेतो, रंग बघतो आणि दर सांगतो. त्याने नियमांचं पुस्तक वाचलेलं नसतं. हजारो बोदं बघून, चुकून, नुकसान सोसून त्याची नजर तयार झालेली असते. मशीन लर्निंगमध्ये यंत्र हेच करतं. हजारो जुने रुग्ण आणि त्यांचं पुढे काय झालं हे त्याला दाखवायचं. कुठल्या खुणा कुठल्या शेवटाकडे जातात, हे ते आपलं आपण शोधतं. फक्त एक गोष्ट विसरायची नाही. निपाणीचा माल विडीचा. इथल्या व्यापाऱ्याला उद्या गुंटूरच्या व्हर्जिनिया तंबाखूपुढे उभं केलं, तर त्याची तीच तरबेज नजर त्याला फसवेल. पान तंबाखूचंच, पण माल वेगळा.

करोनाच्या भाकितांचं नेमकं हेच झालं.

१४ मे २०२० रोजी वूहानच्या तोंगजी रुग्णालयातल्या रुग्णांवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याने बराच गाजावाजा मिळवला. एकूण ४८५ रुग्णांची माहिती, आणि रक्तातले फक्त तीन घटक: एलडीएच, लिम्फोसाइट पेशींचं प्रमाण आणि सीआरपी. एवढ्यावरून रुग्ण दगावेल की वाचेल हे दहा दिवस आधी नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने सांगता येतं, असा दावा होता. शिवाय नियम इतका सुटसुटीत की कागदावर मावेल. पुढे नेदरलँड्स, फ्रान्स आणि न्यूयॉर्क इथल्या डॉक्टरांनी तोच नियम आपापल्या रुग्णांना लावून पाहिला. तो तिथे चालला नाही.

का, हे बघण्यासारखं आहे. ज्या ३७५ रुग्णांवर तो नियम शिकवला गेला, त्यांतले १७४ दगावले होते. म्हणजे जवळजवळ निम्मे. महामारीच्या पहिल्या तडाख्यात सगळी गंभीर माणसं जिथे गोळा झाली होती, अशा जागचा तो माल. दुसरं, यंत्राला शिकवताना रुग्णाचा शेवटचा रक्तनमुना वापरला होता, म्हणजे मृत्यूच्या किंवा घरी जाण्याच्या अगदी जवळचा. मरणाच्या दारातल्या माणसाचं रक्त वाईट दिसणारच. डॉक्टरला हवं असतं ते दाखल होतानाच्या पहिल्या रक्तावरून भाकीत, आणि तिथेच हा नियम अडखळला.

हे काही एकट्या वूहानचं नाही. 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकात एप्रिल २०२० पासून अशा सगळ्या भाकीतयंत्रांची छाननी सुरू झाली. पहिल्या फेरीत ३१ यंत्रं होती, नंतरच्या एका फेरीत २३२ झाली. छाननी करणाऱ्यांनी एकूण एक यंत्रांवर शेरा मारला: पूर्वग्रहाचा धोका मोठा किंवा अस्पष्ट. त्यांतली दोनच त्यांना पुढे तपासण्याजोगी वाटली. छातीचे एक्स-रे आणि सीटी वाचणाऱ्या यंत्रांची गत याहून वाईट. केंब्रिजच्या चमूने मार्च २०२१ मध्ये अशा ६२ निबंधांची कसून तपासणी केली आणि त्यांतलं एकही प्रत्यक्ष वापराच्या लायकीचं नाही असं लिहिलं. काही यंत्रांनी करोना ओळखलाच नव्हता. ज्यांचा एक्स-रे आडवं झोपवून काढला ते गंभीर, एवढंच ती शिकली होती. काहींना निरोगी छाती म्हणून लहान मुलांचे एक्स-रे दाखवले होते. ती मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकून बसली.

यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला जे दाखवलं त्यापलीकडचं त्याला दिसत नाही. याची सर्वांत बोलकी गोष्ट करोनाच्या कितीतरी आधीची, अमेरिकेतली आहे. १९९० च्या दशकात न्यूमोनियाच्या रुग्णांवर शिकवलेल्या एका यंत्राने निष्कर्ष काढला की दमेकऱ्यांना न्यूमोनिया झाला तर त्यांना धोका कमी. डॉक्टर चक्रावले. आकडे खरे होते. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की रुग्णालय त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत असे, म्हणून ते जास्त वाचत. यंत्राने उपचाराचं श्रेय आजाराला दिलं. त्याचं ऐकून दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं?

मग सगळंच टाकाऊ का? नाही. ब्रिटनमधल्या २६० रुग्णालयांतल्या पस्तीस हजारांहून अधिक रुग्णांवरून तिथल्या संशोधकांनी सप्टेंबर २०२० मध्ये 'फोर-सी' नावाची गुणपद्धत तयार केली आणि आणखी बावीस हजारांवर ती पडताळून पाहिली. आठच गोष्टी: वय, लिंग, जुने आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्ध, रक्तातला युरिया आणि सीआरपी. एकूण एकवीस गुण. तीनपर्यंत गुण असलेल्यांत मृत्यू सुमारे एक टक्का, पंधरा आणि वर असलेल्यांत साठ टक्क्यांहून अधिक. त्याच चमूने त्याच माहितीवर मशीन लर्निंगचं एक बडं यंत्रही चालवून पाहिलं. त्याचा निकाल या हातानं बेरीज करायच्या पद्धतीपेक्षा फारसा वेगळा आला नाही. 'बीएमजे'च्या छाननीतल्या त्या दोन यंत्रांपैकी एक म्हणजे ही 'फोर-सी'. ही गोष्ट यंत्राच्या जाहिराती करणाऱ्यांनी आणि त्यावर लट्टू होणाऱ्या अधिकाऱ्यांनी चार वेळा वाचावी. माहिती स्वच्छ, भरपूर आणि पडताळलेली असली की साधी बेरीजही पुरते. माहितीच कच्ची असेल तर महागडं यंत्र ती कच्चीच चूक जलद करतं.

आता ही 'फोर-सी' दूधगंगेच्या काठी आणून बघू. एकवीसपैकी सात गुण वयाचेच. पन्नाशीच्या आतल्याला शून्य, ऐंशीच्या पुढच्याला सात. ब्रिटनमध्ये जन्मतारीख म्हणजे जन्मतारीख. आपल्याकडे अख्ख्या पिढ्या एक जूनला जन्मल्या आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटली. ज्या म्हातारीला वय विचारलं तर कुठल्याशा दुष्काळाची खूण सांगते, तिच्या आधारकार्डावरचं वय पाच-सात वर्षांनी इकडेतिकडे असू शकतं; साठी आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर तेवढ्यानं दोन गुण हलतात.

ऑक्सिजनचंही तेच. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हा घरोघरी आला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोक्याच्या पातळीखाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होतं. त्वचा गडद असेल तर प्रकाशावर चालणारं हे उपकरण आकडा वाढवून सांगतं. उन्हात रापलेल्या शेतमजुराच्या बोटावरचा ९४ आणि लंडनच्या कारकुनाच्या बोटावरचा ९४ यंत्राला सारखाच. तो सारखा असेलच असं नाही.

आणि 'जुने आजार' हा रकाना? निपाणी हे विडीचं गाव. वर्षानुवर्षं मांडीवर सूप घेऊन तंबाखूच्या धुळीत विड्या वळणाऱ्या बाईला डॉक्टरने विचारलं, "धूम्रपान करता का?" तर ती नाही म्हणेल, आणि खरंच सांगेल. फॉर्मवर तिच्या फुप्फुसाचा इतिहास कोरा राहील. मधुमेह आहे का, याचं उत्तरही अनेकांना करोनानेच दिलं, कारण त्याआधी कुणी साखर तपासलीच नव्हती. यंत्राला 'आजार नाही' आणि 'तपासलं नाही' यांतला फरक कुणी सांगितला नाही तर तो कळत नाही.

यात काळाचा घटकही आहे. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डहून बातमी आली की डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक-तृतीयांशाने घटतात. पुढे लस आली, डेल्टा आला. दर वेळी मार्चमध्ये शिकलेलं यंत्र नव्या हंगामाच्या मालापुढे पुन्हा नवशिकं झालं.

हे सगळं परदेशातल्या यंत्रांचं झालं. आपल्याकडेही प्रयत्न झाले आणि त्यांतले काही मनापासूनचे होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेशी जोडलेल्या 'आर्टपार्क'ने 'निरामय' या कंपनीबरोबर २०२१ च्या मे-जूनमध्ये 'एक्सरेसेतू' आणलं. खेड्यातल्या डॉक्टरने एक्स-रेचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, काही मिनिटांत अहवाल परत. जिथे क्ष-किरणतज्ज्ञ सोडा, एमबीबीएस डॉक्टरही आठवड्यातून दोनदा येतो, अशा ठिकाणासाठी कल्पना चांगली. कोलकात्याजवळ बराकपूरच्या कोविड केंद्रात गंभीरतेचा गुणांक काढणारं सॉफ्टवेअर केंद्र सरकारच्या मदतीने वापरलं गेलं. टॅबवर रुग्णाच्या नोंदी भरायच्या आणि कुणाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं ते ठरवायचं. अपुरे हात आणि ढीगभर रुग्ण असताना यंत्राचा हा उपयोग नाकारण्यात शहाणपणा नाही. रात्री तीन वाजता चाळिसाव्या रुग्णाचा कागद बघणारा निवासी डॉक्टरही चुकतो, आणि यंत्राला झोप येत नाही.

पण त्या एप्रिल-मेमध्ये सीमाभागात सगळ्यांत उपयोगी ठरलं असेल, तर ते याहून साधं भाकीतयंत्र. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने एप्रिल २०२१ मध्ये लोकांना सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली. ऑक्सिमीटर लावायचा, आकडा बघायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायचा. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून अधिक घसरला, दम लागला, तर दवाखाना गाठायचा. वीज नको, नेटवर्क नको. आदल्या वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशा ताई हाच ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या होत्या. कर्नाटकानेही मे २०२० मध्ये घरोघरी पाहणी करून वयस्क आणि आजारी माणसांच्या याद्या केल्या होत्या. पुढे कुणाला त्रास होऊ शकतो, हे गावाला ठाऊक होतं. त्या याद्या घेऊन दुसऱ्या लाटेत कुणी त्या दारांवर पुन्हा गेलं असतं तर, हा प्रश्न दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांना विचारायला हवा.

कारण भाकिताला किंमत येते ती त्याच्यानंतर काही करता आलं तरच. आण्णांना धोका आहे हे संध्याकाळी कळलं आणि ऑक्सिजनचा बेड पहाटेपर्यंत मिळाला नाही, तर यंत्राची अचूकता कुणाच्या कामाची? जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचा बराचसा भाग मोकळा होत असताना कोल्हापूर जिल्हा चौथ्या स्तरातल्या निर्बंधांतच होता. कोगनोळीच्या माणसाला कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, बेळगाव त्याच्या दुपटीहून लांब. घर कर्नाटकात, बेड महाराष्ट्रात. त्या दिवसांत नाक्यावरची चौकशी, अॅम्ब्युलन्सचा नंबर, कुठल्या जिल्ह्याचा रुग्ण हा प्रश्न, ही सगळी वेळ कुठल्याही गुणपद्धतीत धरलेली नाही.

त्यातून आणखी मोठी भीती आहे. गुणांक हा मदतीला आणलेला आकडा. तो टंचाईत चाळणी होऊन बसतो. पंधराच्या वर गुण म्हणजे 'याला लवकर बेड द्या' असं वाचायचं, की 'याच्यावर बेड घालवू नका' असं? तोच आकडा, दोन अर्थ. कुठला वाचायचा हे यंत्र सांगत नाही, माणूस ठरवतो. आणि पुढे कुणी विचारलं तर बोट संगणकाकडे दाखवायची सोय होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्च २०२३ मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत जबाबदारी माणसाची, हे स्पष्ट म्हटलं आहे. ती तत्त्वं तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवणं हे काम राहिलंय.

तेव्हा आज कुठलंही रुग्णालय किंवा जिल्हा परिषद भाकीत करणारं सॉफ्टवेअर घ्यायला निघाली, तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: हे आमच्या रुग्णांवर पडताळलंय का? वूहानचे, मिलानचे, मुंबईचे आकडे नकोत. आमचे. आणि यावर विक्रेता गप्प बसला तर त्यात दोष त्याच्या एकट्याचा नाही, कारण 'आमचे' आकडे आम्हीच नीट ठेवलेले नाहीत.

कर्नाटकाच्या रोजच्या पत्रकात तेव्हा प्रत्येक मृत्यूची ओळ असे: जिल्हा, 'पी'ने सुरू होणारा रुग्णक्रमांक, वय, लिंग, लक्षणं, सहव्याधी, दाखल झाल्याची तारीख, मृत्यूची तारीख. नाव नसलेल्या त्या ओळी वाचताना अंगावर काटा येई. कितीतरी ठिकाणी दोन्ही तारखा एकच. देशातल्या फार थोड्या राज्यांनी इतकं उघडेपणानं लिहिलं. पण त्यात जे गेले त्यांचंच सविस्तर होतं. बरे होऊन घरी परतलेल्यांचा तेवढाच तपशील शेजारी नसेल, तर यंत्र शिकणार काय? नुसता पडलेला माल बघून कुणी दर ठरवत नाही. आणि जे कुठल्याच यादीत आले नाहीत त्यांचं काय? २०२१ अखेर भारतातले अधिकृत मृत्यू पावणेपाच लाखांच्या पुढे होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्या दोन वर्षांतल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. केंद्र सरकारने तो फेटाळला. खरा आकडा कुठलाही धरला, तरी घरात, वाटेत, तपासणीविना गेलेली माणसं यंत्राच्या शाळेत कधी हजरच नव्हती.

कोल्हापूर आणि बेळगाव या दोन जिल्ह्यांतल्या रुग्णालयांकडे २०२० आणि २०२१ चे केसपेपर अजून असतील. काही कानडीत, काही मराठीत, बहुतेक डॉक्टरी इंग्रजीत. दाखल होतानाचा श्वास, ऑक्सिजन, सीआरपी, वय आणि शेवट, एवढ्या गोष्टी नावं झाकून एका तक्त्यात उतरवल्या, तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांवर 'फोर-सी' किती खरी ठरली असती हे कळेल. त्याला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. दोन्हीकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि एक साधा संगणक पुरेल. सीमाप्रश्न न्यायालयात राहू दे. हा तक्ता करायला कुठल्या निकालाची वाट बघावी लागत नाही. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी हे काम या वर्षी हाती घ्यावं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमानुसार आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच सांभाळणं बंधनकारक आहे. मे २०२१ मध्ये दाखल झालेल्यांची ती मुदत मे २०२४ मध्येच संपली.